मी येईल : दोन लाल रेघांचा इतिहास

आमच्या आखाडा बाळापूरकडचा माणूस उद्या यायचा शब्द देतो तेव्हा ‘मी येईन’ म्हणत नाही. ‘मी येईल’ म्हणतो. १९८०च्या दशकात, बाळापूर अजून परभणी जिल्ह्यात होते तेव्हा, माझ्या मराठीच्या वहीत या ‘येईल’खाली लाल रेघ होती. इंग्रजीच्या वहीत ‘आय विल कम’मधल्या ‘विल’खाली दुसरी रेघ. मास्तरांनी वर ‘शॅल’ लिहिले होते. दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत, हे कळायला मला पुढची तीस वर्षे लागली.

इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचे स्वतःचे रूप नाही. भूतकाळासाठी ते क्रियापद बदलते, भविष्यासाठी मात्र उसनवारी करते. ‘शॅल’चा जुना अर्थ देणे लागणे; कर्जासाठीचा जर्मन शब्द ‘शुल्ड’ याच कुळातला. ‘विल’ म्हणजे इच्छा असणे. मृत्युपत्राला आपल्याकडे ‘विल’ म्हणतात, त्यात तो अर्थ अजून शिल्लक आहे. इच्छा आणि देणे या दोन शब्दांवर इंग्रजांनी उद्याचा दिवस उभा केला.

या दोघांची वाटणी करणाऱ्यांत जॉन वॉलिस हे नाव ठळक. हे ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक. अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह त्यांनीच रूढ केले. १६५३ साली त्यांनी इंग्रजीचे व्याकरण लिहिले, तेही लॅटिनमध्ये आणि मुख्यतः परदेशी लोकांसाठी. नियम असा : प्रथम पुरुषात नुसते भविष्य सांगायचे तर ‘शॅल’, निश्चय किंवा धमकी असेल तर ‘विल’, द्वितीय आणि तृतीय पुरुषात याच्या उलट. पाण्यात पडलेला परका माणूस ‘शॅल’च्या जागी ‘विल’ आणि ‘विल’च्या जागी ‘शॅल’ ओरडतो, म्हणजे ‘मी बुडणारच, मला कोणी वाचवायचे नाही’, आणि काठावरचे लोक त्याची इच्छा मानून गप्प उभे राहतात, हा जुना विनोद याच नियमावरचा. तो मला कधीच फार हसू आणू शकला नाही.

हा नियम नेसफिल्डच्या व्याकरणातून आणि पुढे रेन-मार्टिनच्या पुस्तकातून आपल्या शाळांत आला. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले, नंतर कादंबरीकार म्हणून गाजलेले. पण त्यांचे हे पुस्तक निघण्याआधीच, १९२५ साली, अमेरिकेत चार्ल्स फ्रीझ यांनी नाटकांतले संवाद तपासून ‘शॅल’ आणि ‘विल’ मोजले होते. प्रथम पुरुषातही ‘विल’च भरपूर निघाले. आमचे मास्तर ज्या इंग्रजीसाठी गुण कापत होते, ती खुद्द इंग्रजी बोलणारेही पाळत नव्हते. मास्तरांचा दोष नाही. त्यांच्या हाती पुस्तक होते, इंग्रज नव्हता.

आता मराठी. ‘तो रोज येई’ यातले ‘येई’ हे मूळ संस्कृत वर्तमानकाळाचे वंशज. त्याला ‘ल’ लागला आणि ‘येईल’ झाले. तू येशील, तुम्ही याल, ते येतील, सगळीकडे ‘ल’. फक्त प्रथम पुरुष वेगळा : मी येईन, आम्ही येऊ. इंग्रजीच्या नियमातही वेगळा राहिला तो प्रथम पुरुषच. हा योगायोग आहे, त्यातून नाते काढू नये. पण पुढे घडले ते सारखेच. बोलणाऱ्यांनी एकवचनातले वेगळे रूप टाकून शेजारचे उचलले. ‘शॅल’ गेले, ‘विल’ आले. ‘येईन’ गेले, ‘येईल’ आले.

काही जाणकार याचे खापर निजामाच्या उर्दूवर फोडतात. १९४८पर्यंत आमचा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, वरचे शिक्षण उर्दूतून होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. त्या काळी शिकलेली गावाकडची म्हातारी माणसे इंग्रजी ‘विल’चा अर्थ आधी ‘गा’ असा लावत, मग मराठीत आणत. उर्दूत ‘आऊँगा’, ‘आएगा’, ‘आओगे’ असा एकच ‘गा’ लिंगवचनापुरता बदलत सगळ्या पुरुषांत फिरतो. (हा ‘गा’ बहुधा ‘गेला’ या अर्थाच्या शब्दातून आला. उद्याच्या रूपात कालचा गेलेला माणूस!) तर्क आकर्षक आहे, पण मला पटत नाही. ‘मी येईल’ नागपूरकडेही आहे आणि आता पुण्यातल्या तरुणांच्या तोंडीही आहे. त्यांना उर्दू कोणी शिकवली? भाषा आपले ओझे आपणच कमी करते, तिला दरवेळी परका गुन्हेगार लागत नाही.

शिवाय ही रूपे नुसत्या उद्यापुरती नाहीत. ‘आबा आत्ता शेतात असतील’ या वाक्यात भविष्य कुठे आहे? तो आजचा अंदाज आहे. इंग्रजीतले ‘विल बी’ आणि उर्दूतला ‘होगा’ हेच काम करतात. आणि खात्रीचे बोलायचे असेल तेव्हा आम्ही हे रूप सोडूनच देतो. ‘पाऊस येईल’ म्हणणारा शेतकरी आभाळाकडे बघत असतो. ‘पाऊस येणार’ म्हणणारा बियाणे काढत असतो.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका मुलीच्या वह्या पाहिल्या. इंग्रजीच्या वहीत ‘आय विल’वर बरोबरची खूण होती. मराठीच्या वहीत ‘मी येईल’खाली तीच जुनी लाल रेघ होती. तिने विचारले, काका, मग मी काय लिहू? परीक्षेपुरते ‘येईन’ लिही, मी म्हणालो. बरं, लिहील, ती म्हणाली.