आफ्रिकेतील जंगल सफारी: तिकीट काढण्यापूर्वी आरोग्याची तयारी

मसाई मारा, सेरेंगेटी, क्रूगर ही नावे आता आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या जाहिरातींत नेहमीची झाली आहेत. या सहलीला बहुधा अख्खे कुटुंब निघते. आजी-आजोबा, मुलगा-सून, शाळकरी नातवंडे. दवाखान्यात मात्र ही मंडळी येतात निघायच्या आठवडाभर आधी, ‘डॉक्टर, चार गोळ्या लिहून द्या’ म्हणत. एवढ्या वेळात बऱ्याच गोष्टी होत नाहीत. खरे तर कोणत्या जंगलात जायचे हे ठरवतानाच घरातल्या सर्वांत वयस्कर आणि सर्वांत लहान माणसाचा विचार करायला हवा. म्हणून डॉक्टरांची पहिली भेट निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी, शक्य असेल तर तिकीट काढण्यापूर्वीच घ्यावी.

या लेखात मुख्यतः केनियातील मसाई मारा डोळ्यांसमोर ठेवले आहे.

पिवळ्या तापाची लस कशासाठी?

‘केनियाला लस लागत नाही’ असे काही एजंट सांगतात. ते अर्धेच खरे आहे. भारतातून थेट येणाऱ्या प्रवाशाकडे केनिया हे प्रमाणपत्र मागत नाही, कारण भारतात पिवळा ताप नाही. पण केनियाहून भारतात परत येताना ते आपल्याच विमानतळावर दाखवावे लागते. आपल्याकडे हा ताप पसरवणारा एडिस जातीचा डास भरपूर आहे आणि लोकांत या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. त्यामुळे सरकार या बाबतीत अजिबात सवलत देत नाही. वैध प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. परतताना दुबईत दोन-तीन दिवस थांबलात तरी हे सहा दिवस भरत नाहीत.

लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि बहुतेक ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते. पासपोर्ट सोबत न्यावा. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. त्यामुळे ती पिवळी पुस्तिका पासपोर्टसोबतच जपून ठेवा. आणखी एक गोष्ट, कारण हा गोंधळ वारंवार होतो: पिवळा ताप म्हणजे आपली नेहमीची कावीळ नव्हे. हिपॅटायटिस ‘बी’ची लस घेतली असेल तर ती इथे चालत नाही.

साठीनंतर काय?

ही जिवंत विषाणूंची लस आहे. नऊ महिन्यांखालील बाळे, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, थायमस ग्रंथीचा आजार असलेले, केमोथेरपी चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांना ती साधारणपणे देत नाहीत. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा रोज स्टिरॉइड घेणारे बरेच ज्येष्ठ याच गटात येतात, आणि हे औषध त्या लसीच्या आड येते हे त्यांना माहीतही नसते. गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच ही लस घेतल्यास गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. असे दुष्परिणाम अत्यंत दुर्मीळ असले तरी जीवघेणे ठरू शकतात.

वैद्यकीय कारणाने लस देता येत नसेल तर डॉक्टर तसे लेखी देतात. पण ते पत्र म्हणजे हमखास सुटका नव्हे, परतल्यावर निर्णय विमानतळावरील आरोग्य अधिकाऱ्यांचा असतो.

अशा कुटुंबांना माझा सल्ला असा की जंगलच बदला. दक्षिण आफ्रिका भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत नाही. तिथे पिलानेसबर्ग, मडिक्वे आणि ॲडो ही अभयारण्ये मलेरियामुक्तही आहेत. हत्ती, गेंडा, सिंह तिथेही दिसतात. प्रसिद्ध क्रूगरमध्ये मात्र मलेरिया आहे, विशेषतः सप्टेंबर ते मे. विमानाचा मार्गही तपासा. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणारे स्वस्त तिकीट काढले तर लसीचा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो.

मलेरिया: ‘आपल्याला सवय आहे’

नाही. भारतात राहिल्याने आफ्रिकेतल्या मलेरियाविरुद्ध संरक्षण मिळत नाही. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा असतो. हा जंतू एक-दोन दिवसांत मेंदू, मूत्रपिंड आणि फुप्फुसांवर घाला घालू शकतो. नैरोबी उंचावर असल्याने शहरात धोका फार कमी आहे. मारामध्ये तो आहे, आणि सहलीत मोम्बासा-दियानीचा समुद्रकिनारा किंवा व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर असेल तर बराच जास्त. केनियात मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत छोटा पाऊस असतो. आपल्या मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या नेमक्या यात सापडतात.

प्रतिबंधक औषधे प्रामुख्याने तीन. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून रोज जेवणासोबत घ्यायचे आणि परतल्यावर सात दिवस चालू ठेवायचे. याचा त्रास कमी, पण मूत्रपिंड बरेच निकामी असतील तर देत नाहीत. सगळ्या औषध दुकानांत ते असेलच असे नाही, म्हणून आधी चौकशी करा. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे. तेही रोज, पण परतल्यावर चार आठवडे. आठ वर्षांखालील मुले व गरोदर स्त्रियांना ते नको. उन्हाने त्वचा भाजण्याची शक्यता वाढते, आणि गोळी भरपूर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा घ्यायचे आणि तेही परतल्यावर चार आठवडे. मात्र ते दोन-तीन आठवडे आधी सुरू करावे लागते, आणि फिट्स, नैराश्य किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांनी टाळावे. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. पूर्वी आपल्याकडे सर्रास देत ते क्लोरोक्विन तिथे उपयोगाचे नाही.

गरोदरपणात मला विचाराल तर ही सहल पुढे ढकला. गरोदर स्त्रीला फाल्सिपेरम मलेरिया फार जड जातो.

गोळ्या घेतल्या तरी डास चावू देऊ नयेत. मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो, त्या वेळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि किमान २० टक्के डीट किंवा पिकारिडिन असलेले औषध उघड्या त्वचेवर लावा. सनस्क्रीन आधी, हे नंतर. त्से-त्से माशी मात्र दिवसा चावते आणि अशा मलमांना फारशी जुमानत नाही. गडद निळ्या व काळ्या रंगाकडे ती खेचली जाते, तिला पकडायचे सापळेही याच रंगांच्या कापडाचे असतात. तिच्यामुळे होणारा निद्रारोग पर्यटकांत क्वचितच आढळतो, पण नवी जीन्स घरी ठेवून खाकी पँट नेण्यात काय जाते?

गाडीतले तास

याबद्दल माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही. जंगलातली एक फेरी तीन-चार तासांची असते, आणि प्राण्यांमुळे वाटेल तिथे गाडीतून उतरता येत नाही. मग बायका आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा पाणीच पीत नाहीत. परिणामी चक्कर, बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग. पाणी बंद करू नका, चालकाला आधी सांगून ठेवा म्हणजे तो ठरलेल्या सुरक्षित जागी थांबतो. बीपी किंवा पायावरच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी असेल तर त्या दिवसांपुरती वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून गोळी बंद करू नका.

रस्ते खडबडीत असतात. हाडे ठिसूळ झालेल्यांना अशा दणक्यांनी मणक्याचे फ्रॅक्चर होऊ शकते, त्यामुळे मागच्या सीटऐवजी मधली सीट मागा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने मारात जाता येते. त्यात सामान साधारण १५ किलोच आणि तेही मऊ बॅगेत चालते. धुळीमुळे दमा उसळतो, इनहेलर खिशात हवा. पहाटे चांगलीच थंडी असते. बलूनची फेरी पाठदुखी, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर नको, उतरताना टोपली जोरात आपटते.

औषधे, विमा, माकडे

रोजची औषधे मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त घ्या, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नका, ते गोठू शकते. तंबूंच्या मुक्कामात वीज ठरावीक वेळच असू शकते, म्हणून फ्रिज किंवा सीपॅप मशीन लागत असेल तर बुकिंगच्या वेळीच विचारा. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, तेव्हा औषधे कापडी पिशवीत भरा. जुलाबासाठी ओआरएसची पाकिटे न्या. टायफॉइड, हिपॅटायटिस ‘ए’ आणि धनुर्वाताच्या लसींबद्दल पहिल्याच भेटीत विचारा.

प्रवास विम्यात विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च आहे का ते पाहा, आणि मधुमेह, बीपी, अँजिओप्लास्टी लपवू नका. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला जातो.

लॉजवरची माकडे गोंडस दिसतात, पण त्यांना खाऊ घालू नका. चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करा, भारतात परतेपर्यंत थांबू नका.

परतल्यावर ताप आला तर

मलेरियाचा ताप डास चावल्यावर सात दिवसांनंतर कधीही, बहुधा तीन महिन्यांच्या आत येतो, क्वचित वर्षभरानेही. गोळ्या नीट घेतल्या असल्या तरी येऊ शकतो. अशा तापात घरी पॅरासिटामॉल घेऊन वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि ‘मी आफ्रिकेहून आलो आहे’ हे पहिले वाक्य असू द्या. विल्डबीस्टचे स्थलांतर पाहून लोक परततात जुलै ते ऑक्टोबरमध्ये, तेव्हा आपल्याकडे डेंग्यूची साथ असते. प्लेटलेट्स मलेरियातही कमी होतात. त्यामुळे प्रवासाची माहिती दिली नाही तर निदान डेंग्यूकडे झुकते आणि मोलाचे दिवस जातात. मलेरियाची पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप टिकून असेल तर ती १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा करून घ्या.