गावकुसाबाहेरची घरं

४. ‘गावकुसाबाहेर’ हे वर्णन देशावरच्या गावांतल्या दलित वस्त्यांना बरोबर लागू पडतं. कोकणात मात्र ते जपून वापरावं. उर्मिला पवार यांनी ‘आयदान’ या आत्मकथनात (२००३) रत्नागिरीजवळच्या आपल्या गावाचा नकाशाच उलगडला आहे. तिथे महारांची घरं गावाच्या मधोमध होती. हा मान नव्हे, सोय होती: कुणीही, कुठूनही हाक मारली की कामाला माणूस हजर! शिवाशिव मात्र जिथल्या तिथेच.

शहराने ही आखणी पुसली, असं समजायचंही कारण नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मधला (१९७८) मुंबईचा कावाखाना आठवावा. एकेका खोलीत दोन-दोन, तीन-तीन पोटभाडेकरू आणि मध्ये खोक्यांच्या फळ्यांचा आडोसा. गावाकडचा महारवाडा शिव्याशापांसकट इथे उतरलेला दिसतो. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) तर गावच नाही. कैकाड्यांचं बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर. आज इथे, उद्या पुढच्या गावाला.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तला (१९८४) हन्नूरचा एसटी स्टँड या सगळ्यांत वेगळा. ज्या जागेवर कुणाचीच कायमची मालकी नाही, तिथे लेखकाची आजी संतामाय आणि हमाली करणारा मुसलमान दादा यांचा संसार उभा राहतो. महारवाड्यातही ज्याच्या जन्मावर बोट ठेवलं जातं, त्या मुलाला आसरा मिळतो तो इथेच. समीक्षकांनी या पुस्तकांतल्या भुकेवर पुष्कळ लिहिलं. जागांकडे मानाने कमीच पाहिलं.