कोंबडीकडे पाहण्याचा इतिहास

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे आपल्या मंडळाच्या कार्यवाह भगिनींनी सुचविले. आता भोर-वेल्ह्यात इतिहास म्हटला की राजगड, तोरणा, नाहीतर पंतसचिवांचे संस्थान. त्यावर लिहिणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा रोज सकाळी खुराड्याचे दार उघडून जे पाहते, त्याचाच इतिहास लिहावा असे ठरविले. भगिनींनी हसू नये. कोंबडीचा इतिहास आपल्या किल्ल्यांहून जुना आहे.

कोंबडी मूळची रानातली. पूर्वी पुस्तकांतून सांगत की, ती सिंधू संस्कृतीच्या लोकांनी प्रथम पाळली. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जुन्या हाडांचा पुन्हा तपास झाला. तेव्हा खात्रीने पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे थायलंडातील बान नोन वाट येथील ठरली. ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. माणूस भात व बारीक भरड धान्ये पिकवू लागला, तेव्हा त्या दाण्यांच्या ओढीने लाल रानकोंबडा वस्तीजवळ आला, असे ते शास्त्रज्ञ म्हणतात. भाताच्या खळ्यावर कोंबड्या हाकता हाकता जिचे हात दुखले आहेत, तिला हे पटायला वेळ लागणार नाही.

आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवतो तो मात्र राखी रानकोंबडा. तो भारताबाहेर सापडत नाही. लाल रानकोंबडा हा पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष खरा, पण तिच्या कातडीचा व पायांचा पिवळा रंग या राखी भावकीकडून आला, असे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले. जगात कोठेही पिवळ्या पायांची कोंबडी दिसली की तिच्यात आपल्याकडच्या रानाचा वाटा आहे असे समजावे.

हा पिवळा रंग नुसता शोभेचा नाही. कोंबडी अंड्यावर आली की खाण्यातला पिवळेपणा बलकात जाऊ लागतो आणि अंगावरचा उतरतो. प्रथम अंडे पडते त्या जागेचा, मग डोळ्याभोवतालचा, मग चोचीचा आणि सर्वांत शेवटी पायांचा. म्हणून आखाडात जावई आला आणि एक कोंबडी कमी करायची वेळ आली, तर आधी पाय पाहावेत. पुष्कळ घरी तुकतुकीत पिसांची, हळदीसारख्या पायांची कोंबडी ‘चांगली’ म्हणून ठेवतात आणि फिक्या पायांची, पिसे झडलेली सुरीखाली जाते. वास्तविक घर चालविते ती दुसरी. (घराघरांतून असेच असते, पण तो या लेखाचा विषय नव्हे.) काळ्या पायांच्या गावठी कोंबडीत हे ओळखता येत नाही. तेथे तुरा पाहावा. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लाल, भरलेला व हाताला ऊन लागतो. बसलेल्या कोंबडीचा आक्रसतो आणि फिका पडतो. शिवाय मागच्या बाजूच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटे मावली तर ती अंडी देत आहे, एकच मावले तर नाही.

कोंबडीकडे नीट पाहिल्याने माणसाचे केवढे कल्याण झाले, ते जावा बेटात घडले. तेथे बेरीबेरी नावाच्या रोगाने शिपाई, कैदी पटापट मरत. पायांतले बळ जाई, चालता येत नसे. ख्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर जंतूंचा शोध घेत होते. १८९० च्या सुमारास त्यांच्या अंगणातल्या कोंबड्याही तशाच लटपटू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या! चौकशी केली तेव्हा कळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घालत होते. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देणार नाही, असे तो म्हणाला, आणि कोंबड्या पुन्हा साध्या, न सडलेल्या तांदळावर आल्या. त्या आचाऱ्याचा हट्ट फळाला आला म्हणायचा. आधी आइकमान यांना वाटले की पांढऱ्या भातात काही विष असावे. विष नव्हे, कोंड्याबरोबर काहीतरी जरुरीचे निघून जाते, हे त्यांच्या मागून आलेल्या ग्रिन्स यांनी १९०१ साली सांगितले. त्यालाच आज ‘ब-१’ जीवनसत्त्व म्हणतात. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या सासूबाई उखळात भात सडत आणि कोंडा कोंबड्यांपुढे टाकत. आता गिरणीतून भात पांढराफेक होऊन येतो. कोंडा अजून कोंबड्यांनाच जातो. म्हणजे चांगला भाग कोण खाते, ते पाहा.

दुसरे गृहस्थ नॉर्वेचे. थोर्लेफ श्येल्डेरूप-एब्बे हे लहानपणापासून कोंबड्या न्याहाळीत व वहीत टिपून ठेवीत. कोण कोणाला टोचते, कोण मुकाट्याने बाजूस होते, हे लिहीत गेल्यावर त्यांना दिसले की, प्रत्येक खुराड्यात पहिलीपासून शेवटचीपर्यंत मानाची उतरंड ठरलेली असते. १९२१-२२ मध्ये त्यांनी ते मांडले आणि पुढे अनेक प्राण्यांच्या अभ्यासाला ते उपयोगी पडले. धाकट्या जावेला हे शिकवावे लागत नाही! पण त्यातून व्यवहाराची गोष्ट निघते. दाणे एकाच पराती़त घातले तर शेवटची कोंबडी उपाशी राहते. दोन-तीन ठिकाणी घालावे. विकत आणलेली नवी कोंबडी दिवसा सोडू नये, रात्री अंधारात आत बसवावी. आणि संध्याकाळी झाकताना गळ्याखालची पिशवी हाताने चाचपावी. ती रिकामी लागली तर त्या कोंबडीला खायला मिळाले नाही, किंवा तिचे काहीतरी दुखते आहे.

१९६० नंतरच्या दशकात सरकारने युनिसेफच्या मदतीने पोषण आहाराचा कार्यक्रम हाती घेतला. परसबाग, कोंबड्या, आणि ते काम करावयास महिला मंडळे. पांढऱ्या लेगहॉर्न, तांबड्या ऱ्होड आयलंड या जाती त्या काळात खेडोपाडी माहीत झाल्या. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि धंदा परसातून मोठ्या शेडमध्ये गेला. पण शेडमध्येही पाहणे सुटले नाही. विजेच्या दिव्याखाली पिले एकमेकांवर चढून गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते, दिव्यापासून लांब जाऊन चोच उघडून बसली तर उकडते, आणि सगळीकडे सारखी पसरली तर ठीक. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणाच्या पावसात तर पिलांकडे रात्रीही एकदा उठून पाहावे लागते. खालचे तूस ओले राहिले की रक्ती हगवण लागते.

रोगांचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो सुखाचा नाही. मानमोडीला राणीखेत म्हणतात, ते उत्तर प्रदेशातून पुढे निघालेल्या उत्तराखंडातल्या गावावरून. १९२७ च्या सुमारास तेथे हा रोग नोंदला गेला. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, आणि मग उपाय नसतो. लस मात्र आहे, ती आधी टोचून घ्यावी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तो भारतातला पहिला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंब्याला पुन्हा तेच. तेव्हापासून एकदम चार-पाच कोंबड्या मेल्या की बायका घाबरून त्या ओढ्यात टाकतात, नाहीतर उरलेल्या बाजारात विकून मोकळ्या होतात. कारण सरकारी माणसे आली तर सगळेच जाईल ही भीती. भीती खरी आहे, पण असे केल्याने रोग ओढ्याच्या पाण्याने आणि बाजाराच्या टोपलीने पुढच्या वाडीत पोचतो. जनावरांच्या दवाखान्यात आधी कळवावे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतील एका भगिनीच्या खुराड्यातून रोज सर्वांच्या आधी बाहेर पडणारी कोंबडी एका सकाळी सर्वांच्या मागून आली. तुरा लाल होता, दाणेही थोडे टिपले. दुसरे काही लक्षण नव्हते. तरी तिने ती उचलून पडवीत वेगळ्या डालग्याखाली झाकली, तिचे पाण्याचे भांडे निराळे केले आणि दवाखान्यात जाऊन सांगितले. तिसऱ्या दिवशी ती मेली. उरलेल्या अकरा आजही अंडी देत आहेत, आणि त्यांच्यातली पहिली आता दुसरीच आहे.