फलन

अकरावीतल्या मुलांकडून ‘फंक्शन’ सतत कानी पडतं, ‘फलन’ क्वचितच. फंक्शनच्या मुळाशी लॅटिनमधला ‘काम पार पाडणं’ हा अर्थ आहे. लायब्निट्झने 1673 मध्ये तो शब्द गणितात आणला. पुढे ऑयलरने त्याला पक्कं स्थान दिलं.

आपला ‘फल’ मात्र पिकण्याच्या अर्थाने झाडावरून आला आणि गणितात फार पूर्वी रुजला. क्षेत्रफळ, घनफळ त्याचेच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं (1150) त्रैराशिक पाहा: प्रमाण, फल, इच्छा. पाच आंबे दहा रुपयांना, तर आठ कितीला? आठ ही इच्छा, सोळा हे इच्छाफल. एका इच्छेला एकच फल! फलनाची अट नेमकी हीच. किती सुंदर नावं आहेत ही!

ज्या किमती देता येतात, तो फलनाचा प्रांत. जी उत्तरं मिळतात, तो विस्तार. वास्तव संख्यांत वर्गमूळ घ्यायचं तर ऋण संख्या प्रांताबाहेर राहतात, आणि उत्तरही ऋण येत नाही.

आज वर्गात डोमेन-रेंजच चालतात. प्रांत, विस्तार उरलेत मराठी पुस्तकांत आणि परिभाषाकोशांत. शिक्षकांनो, फंक्शन शिकवण्याआधी एकदा इच्छा आणि इच्छाफल फळ्यावर लिहाच.