दोन चित्रपट : एक हरवलेला, एक राहिलेला



आज आपण दोन जुन्या चित्रपटांविषयी बोलणार आहोत. दोन्हींच्या कथा एकाच लेखकाच्या, नारायण हरी आपटे यांच्या. पहिला 'सावकारी पाश', १९२५ सालचा. दुसरा 'कुंकू', १९३७ सालचा. एकाचा विषय कर्ज, दुसऱ्याचा मुलीचं लग्न. आपल्या गटाच्या बैठकीत हेच दोन विषय फिरून फिरून निघतात. पण 'कुंकू' आज आपल्याला घरी बसून पाहता येतो, आणि १९२५ चा तो 'सावकारी पाश' कुणालाच पाहता येत नाही. त्याची प्रतच उरलेली नाही. असं का झालं, ते आज समजून घेऊ.

'सावकारी पाश' कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी काढला. तो मूकपट होता, म्हणजे पडद्यावर माणसं हलायची पण आवाज नसायचा. तेव्हा बहुतेक चित्रपट देवादिकांचे नाहीतर राजामहाराजांचे असत. बाबूरावांनी पडद्यावर साधा शेतकरी आणला. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर त्याची जमीन गिळतो आणि शेतकऱ्याला गाव सोडून शहरात गिरणी कामगार व्हावं लागतं, अशी ती गोष्ट. त्यात तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलं होतं. पुढे १९३६ मध्ये बाबूरावांनी हीच कथा बोलपटात पुन्हा केली. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातलं सावकाराचं दार ज्या पहिल्या चित्रपटाने दाखवलं, तो आता फक्त पुस्तकांतल्या वर्णनात आणि थोड्या छायाचित्रांत आहे.

तो एकटाच हरवला असंही नाही. आपल्या देशात तेराशेहून जास्त मूकपट निघाले. त्यांतले फार थोडे उरले, आणि उरले त्यांतलेही बरेच तुकड्यांत. पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा. त्याचीही प्रत नाही.

याची कारणं ऐकलीत तर ती आपल्या घरातलीच वाटतील. त्या काळची चित्रपटाची फीत नायट्रेटची असायची. ती चटकन पेट घ्यायची, आणि दमट उष्ण हवेत ठेवली तर आपोआप कुजायची. कणगीतलं धान्य वेळच्या वेळी उन्हात घातलं नाही तर कीड लागते, तसंच. दुसरं कारण पैशाचं. फितीवरच्या थरात चांदी असते. चित्रपटाचे खेळ संपले, कंपनी कर्जात गेली, की डबे भंगारात जायचे आणि फीत धुऊन चांदी काढली जायची. उद्या हे कुणाला पाहावंसं वाटेल, असं तेव्हा वाटलंच नाही.

असं वाटणारा एक माणूस पुढे पुण्यात आला. त्याचं नाव पी. के. नायर. जन्म १९३३ चा, केरळातल्या तिरुवनंतपुरमचा. लहानपणापासून चित्रपटांचं वेड. १९६४ मध्ये केंद्र सरकारने पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी नायर तिथे सहायक म्हणून रुजू झाले. पुढे ते संग्रहालयाचे संचालक झाले आणि १९९१ मध्ये निवृत्त झाले. तोवर संग्रहालयात सुमारे १२,००० चित्रपट जमले होते. निर्मात्यांची घरं, जुनी गोदामं, भंगारवाले, जिथे डबा असल्याचं कळेल तिथे ते जायचे. चांगला चित्रपट, वाईट चित्रपट अशी निवड करायची नाही, मिळेल ते आधी वाचवायचं, असा त्यांचा नेम होता. अंधारात चित्रपट पाहता पाहता ते वहीत टिपणं काढायचे, कुठल्या रिळात काय आहे ते. मार्च २०१६ मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं. त्यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' नावाचा माहितीपटही आहे.

नाशिकला फाळके कुटुंबाकडे जाऊन नायरांनी दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांची रिळं मिळवली. 'राजा हरिश्चंद्र' हा १९१३ चा आपला पहिला कथापट. चार रिळांच्या त्या चित्रपटातली पहिलं आणि शेवटचं अशी दोनच रिळं आज आहेत. आणि तीही मूळची नसून १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक म्हणतात.

फाळक्यांचं नाव निघालं की सरस्वतीबाईंचं नाव घ्यायलाच हवं. दादासाहेबांच्या पत्नीने चित्रपटासाठी अंगावरचे दागिने दिले. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक आणि रात्री दिव्याच्या उजेडात फितीला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, ही कामं त्यांनी केली. चित्रपटात काम करायला तेव्हा बायका मिळत नव्हत्या, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लेक मंदाकिनी. तिची ती भूमिका आजही पाहता येते, कारण त्या चित्रपटाची रिळं वाचली. सरस्वतीबाईंची मेहनत मात्र कुठल्या रिळात दिसत नाही. ती कुणीतरी सांगितली आणि लिहून ठेवली, म्हणून आपल्याला माहीत आहे.

आता 'कुंकू'कडे येऊ. हा चित्रपट पुण्याचा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. 'कुंकू'चे दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे 'सावकारी पाश'मधला तोच शेतकरी. नीराचा मामा पैशाच्या लोभाने तिचं लग्न म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतो. नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. नीरा झाल्या शांता आपटे. वकिलाची मोठी मुलगी सुशीला समाजकार्य करणारी, ती नीराच्या बाजूने उभी राहते. हे काम केलं शकुंतला परांजपे यांनी. त्या प्रत्यक्ष आयुष्यातही पुण्यात संततिनियमनाचा प्रचार करत होत्या, आणि तोही अशा काळात, जेव्हा बाईने हा शब्द उच्चारणं लोकांना चालत नव्हतं.

प्रभात कंपनी १९५३ मध्ये बंद पडली. तिच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या जुन्या फितींच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह अनेक चित्रपटांच्या मूळ फिती जळाल्या. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवल्या होत्या, ते चित्रपट वाचले. ज्यांच्या नव्हत्या, ते गेले.

या प्रती नुसत्या डब्यात राहिल्या असत्या तर आपल्यापर्यंत आल्या नसत्या. संग्रहालयाने त्या फिल्म सोसायट्यांना आणि कॉलेजांना दाखवायला दिल्या. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं खेडं आहे. तिथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम संस्थेने १९७० च्या दशकात गावकऱ्यांना जगातले चित्रपट दाखवले आणि नायरांनी पुण्याहून त्यांना मदत केली. सुपारीच्या बागेत राबणाऱ्या माणसांनी बंगालचा 'पथेर पांचाली' पाहिला, इटलीचा 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला, जपानचा 'राशोमोन' पाहिला. खेड्यातल्या लोकांना हे काय कळणार, असं म्हणणाऱ्यांना त्या गावाने उत्तर दिलं.

आपल्या गावांत चित्रपट आला तो आधी जत्रेतल्या तंबूतून. तिथे बायकांची बसायची जागा वेगळी असायची आणि सगळ्यांना घरून परवानगी मिळायचीच असं नाही. १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ. गणपतीत, बारशाला, वर्गणी काढून रात्रभरासाठी टीव्ही-व्हिडिओ भाड्याने आणायचा आणि अंगणात तीन-तीन चित्रपट पाहायचे, हे आम्हा समन्वयकांपैकी बऱ्याच जणींनी लहानपणी पाहिलंय. ज्या बाया कधी टॉकीजची पायरी चढल्या नाहीत, त्या भांडी घासून, लेकरं निजवून तिथे येऊन बसल्या. पुढे सीडी आली आणि प्रभातचे चित्रपटही घरोघरी पोचले. घरात आलेल्या चित्रपटाने बाईला पहिल्यांदा परवानगीशिवाय प्रेक्षक केलं.

त्याच व्हिडिओवर आपलंही काही उतरलं आहे. लग्नाच्या कॅसेटी, गटाचा पहिला मेळावा, दारूबंदीचा मोर्चा, एखाद्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. त्या आज पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. कॅसेटच्या फितीला दमट हवेत बुरशी लागते. ती लावायचं यंत्रही आता मिळेनासं झालंय. व्हिडिओ यंत्र बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानमधल्या फुनाईने, २०१६ मध्ये ते बनवणं बंद केलं.

म्हणून काही कामं आपण आताच करू. कॅसेटी आडव्या न रचता उभ्या ठेवा, कोरड्या जागी, उन्हापासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब. प्रत्येकीवर गाव, साल, कार्यक्रम आणि दिसणाऱ्या बायांची नावं लिहा. 'अमक्याची सून' असं लिहू नका, तिचं स्वतःचं नाव लिहा. यंत्र चालू असलेला फोटो स्टुडिओ तालुक्याला असेल तर त्यावरून प्रत काढून घ्या आणि दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा. पेनड्राइव्ह आणि सीडीही कायमच्या टिकत नाहीत, म्हणून दर काही वर्षांनी नवी प्रत काढायची. हा खर्च गटाच्या इतिवृत्तात नोंदवा, बैठकीत मंजूर करून घ्या.

आणि पुढच्या मासिक बैठकीनंतर सगळ्या मिळून 'कुंकू' पाहा. सोबत मुलींनाही बसवा. पाहून झालं की नीराने केलं ते बरोबर की चूक, यावर बोला. सासू आणि सून एकमेकींशी सहमत होणार नाहीत, ते चालेल. 'सावकारी पाश'वर अशी चर्चा आता आपल्याला करता येणार नाही. पण सावकाराच्या दारातून आपण गटापर्यंत कशा आलो, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या प्रत्येक गावात अजून आहेत. त्यांचं बोलणं मोबाईलवर उतरवून घ्या आणि त्याची दुसरी प्रत काढायला विसरू नका.