मुंबई न पाहता घडवलेला मुंबईचा इन्स्पेक्टर (थ्रेड)

१/ १९६४ साली लंडनमध्ये 'द परफेक्ट मर्डर' ही रहस्यकादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक मुंबई पोलिसांतील इन्स्पेक्टर घोटे. लेखक एच. आर. एफ. कीटिंग यांनी तोवर मुंबईच काय, भारतात कोठेही पाऊल ठेवले नव्हते.

२/ १९२६ साली ससेक्समध्ये जन्मलेले कीटिंग पत्रकार होते. १९५९ पासून त्यांच्या रहस्यकादंबऱ्या ब्रिटनमध्ये निघत होत्या. अमेरिकी प्रकाशकांना मात्र त्या अतिब्रिटिश वाटत. दूरच्या पार्श्वभूमीची गरज अशी बाजारातून निर्माण झाली आणि पुस्तके, वर्तमानपत्रे यांच्या आधारे मुंबई उभी राहिली.

३/ कथानकात श्लेष आहे. 'परफेक्ट' हे एका पारशी चिटणिसाचे आडनाव. त्याच्यावर प्राणघातक हल्ला होतो, पण तो मरत नाही. त्याच वेळी एका मंत्र्याच्या मेजावरून नाहीशी झालेली एक रुपयाची नोट शोधण्याचे कामही घोटेंच्या माथी मारले जाते.

४/ घोटे शेरलॉक होम्सच्या कुळातले नाहीत. वरिष्ठ त्यांना दटावतात, धनिक त्यांना जुमानत नाहीत, ते स्वतःच्या निर्णयांबद्दल साशंक असतात. तरीही तपास सोडत नाहीत. साम्राज्य ओसरत असताना एका इंग्रज लेखकाने भारतीय अधिकाऱ्याला साहेबाचा मदतनीस न करता कथेचा नैतिक कणा केले, हे लक्षणीय आहे.

५/ ऐकीव माहितीच्या खुणा मात्र लपत नाहीत. धनिकाचे नाव 'लाला वर्दे' : उपाधी उत्तर भारतातली, आडनाव कोकण-गोव्यातले. पात्रांच्या तोंडी सतत चालू वर्तमानकाळातले इंग्रजी. त्यांची मातृभाषा कोणतीही असो, बोलण्याचा साचा एकच. या विनोदात पूर्वग्रहही मिसळला आहे.

६/ कादंबरीला ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा 'गोल्ड डॅगर' मिळाला. घोटे-मालिका पुढे चार दशकांहून अधिक काळ चालली. पहिल्या कादंबरीनंतर सुमारे दहा वर्षांनी, एअर इंडियाच्या निमंत्रणामुळे, कीटिंग यांनी मुंबई प्रथम पाहिली.

७/ १९८८ मध्ये मर्चंट-आयव्हरी संस्थेने याच कादंबरीवर चित्रपट काढला. दिग्दर्शक झफर हाय, घोटेंच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह. कागदावर कल्पिलेल्या इन्स्पेक्टरला भारतीय चेहरा आणि आवाज मिळाला.

८/ मग इतिहासाचे साधन म्हणून या कादंबरीचे मोल काय? १९६० साली महाराष्ट्राची राजधानी झालेल्या शहराचे दैनंदिन जीवन, तेथील पोलीस ठाण्यांचे कामकाज यांसाठी तिची साक्ष ग्राह्य धरता येणार नाही. परंतु सत्ता सोडून सतरा वर्षे झाल्यावर ब्रिटिश वाचकाला भारत कसा कल्पावासा वाटत होता, यासाठी ती अस्सल पुरावा आहे. त्या कल्पनेत उपहास आहे. आणि एका सामान्य, प्रामाणिक मराठी आडनावाच्या अधिकाऱ्याविषयी खरा आदरही आहे. दोन्हींची नोंद घ्यावी लागते.