चवदार तळे आणि 'अनादी' वहिवाट

'संस्कृती' हा शब्द उच्चारला की आपल्यासमोर लेणी, ग्रंथ, रागदारी उभी राहते. वास्तविक या शब्दाच्या मुळाशी 'कृ' म्हणजे 'करणे' हा धातू आहे. समाज जे रोज, विचार न करता करत राहतो, त्यात त्याची संस्कृती अधिक स्पष्ट दिसते. पाणी कोणी कुठे भरावे, ओंजळीत किती उंचावरून ओतावे, लुगड्याचा काठ दिसू द्यावा की नाही, हे पूर्वी मुलांना कोणत्याही पोथीतून शिकावे लागत नव्हते. ते पाहूनच अंगवळणी पडत असे.

महाडचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या ठरावाद्वारे मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असे ठरवले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. तरीही तळ्यावर कोणी अस्पृश्य गेला नाही. ठराव कागदावर होता, मनाई मात्र सवयीत मुरलेली होती आणि तिच्यामागे मारहाणीची धास्ती उभी होती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेचे प्रतिनिधी त्या तळ्याचे पाणी प्याले. कृती अगदी साधी, रोजच्या जगण्यातली. परंतु त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि तळ्याचे पंचगव्याने 'शुद्धीकरण' करण्यात आले. मुसलमानांच्या स्पर्शाने जे पाणी बाटत नव्हते, ते या ओंजळीने बाटले! म्हणजे प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा नव्हता, कोणी आपल्या पायरीवर राहावे याचा होता. पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातील परिषदेत, २५ तारखेला, मनुस्मृतीचे दहन झाले. ती घटना सर्वांना ठाऊक असते. पण त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि जात ओळखू आणणारे दागिने टाकून देण्यास सांगितले, याचा उल्लेख कमी होतो. ग्रंथ जाळला तरी तो देहावर उरतो, याची जाण या उपदेशात आहे. लुगड्याचा काठ निऱ्यांत लपवावा लागे, हे बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) वाचताना कळते. अशा आत्मकथनांना इतिहासाचे साधन का मानावे, याचे उत्तरही तिथेच मिळते.

तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. अस्पृश्यांना मनाई ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही.

या निकालाचे मोल केवळ कायद्यापुरते नाही. रूढी स्वतःला नेहमीच काळाच्या पलीकडची म्हणवते, आणि तिचे बळही याच समजुतीत असते. ती केव्हापासून, कोणाच्या सोयीने आणि कोणत्या धाकाने चालत आली, असे विचारताच तिला इतिहास प्राप्त होतो. आणि ज्याला इतिहास आहे ते बदलता येते. संस्कृतीच्या अभ्यासकाने आरंभ करावा तो लेण्यांपासून नव्हे, तर घरातल्या पाण्याच्या भांड्यापासून. आपल्या घरी कोणासाठी वेगळा पेला ठेवलेला आहे का, हा प्रश्न अजूनही जुना झालेला नाही.